शकुनच्या नावची मूठ

मी देश सोडला त्या दिवशी नंदुरबारच्या फलाटावर अर्धं गाव आलं होतं. कुणी दशम्या बांधून आणल्या होत्या, कुणी कोरडी चटणी, कुणी नुसतेच रडायला आले होते. काकूनं माझी ओटी दोनदा भरली, कारण पहिल्यांदा नारळ घरीच राहिला होता. आबा, म्हणजे माझे वडील, तुझे आजोबा, चारचौघांत कधी डोळे ओले न करणारे. पण तेही उपरण्यानं तोंड पुसत होते आणि "परमुलुखमा आपली रीत सोडू नको" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते. मी एकोणीस वर्षांची होते. नवरा आफ्रिकेत, युगांडात, कापसाच्या जिनमध्ये फिटर होता. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून मुंबई, तिथून बोट, आणि मोंबासाला उतरून पुन्हा आगगाडी. म्हसावदच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते.

शकुन, तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. माझ्या लुगड्याचा पदर धरून उभी होतीस आणि गाडी हलायच्या आधी मला विचारलंस, "फुई, तू बी परत येवाव नही का?"  मी डब्यात चढले, खिडकीशी बसले आणि सगळ्यांना हात केला.

आपल्या घरातून गेलेली पहिली बाई मी नव्हे. माझ्याआधी पाच वर्षं तुझी आई गेली. तिला पोचवायला कुणी आलं नाही. ओटी नाही, दशमी नाही. एक बैलगाडी आणि एक गाडीवान, बस.

तुझं पत्र मला मागल्या महिन्यात मिळालं. लोणखेड्याचं स्थळ, मुलगा मास्तर, वैशाखात लग्न, सगळं वाचून बरं वाटलं. मग खाली तू लिहिलंस, की मांडवात आईला बोलवायचं नाही असं घरात ठरलं आहे. तिनं रतनकाकूचं मूल खाल्लं असं लोक बोलतात. आणि शेवटी, "फुई, तू तेव्हा घरात होतीस, तिनं नक्की काय केलं होतं ते मला एकदा सांग." तू शिकलेली मुलगी, शाळेत शिकवतेस, पण हे विचारताना तुझं अक्षर बारीक झालं आहे. मी ते पत्र महिनाभर पिठाच्या डब्यामागं ठेवलं. आता लिहिते. सरळ लिहायला बसले असते तर दोन ओळींत झालं असतं. पण मला दोन ओळींशी यायलाच चौदा वर्षं लागली, तेव्हा तूही जरा दमानं वाच.

इथं आल्यावर पहिली काही वर्षं मी फार शहाणी होते. मबाले गावाबाहेर जिनचं आवार, आवारात आम्हा हिंदी लोकांच्या पत्र्याच्या चाळी, आणि तारेच्या कुंपणापलीकडं इथल्या लोकांची घरं. खिडकीतून सगळं दिसायचं. पाठीला पोर बांधून शांब्यात, म्हणजे शेतात, कुदळ मारणाऱ्या बायका. मटोके, म्हणजे कच्ची केळी, पानांत बांधून शिजवणाऱ्या बायका. नवऱ्यापुढं गुडघे टेकून पाणी देणाऱ्या बायका. आम्ही हिंदी बाया दुपारी वाती वळत बसायचो आणि बोलायचो, की बघा, किती मागासलेले लोक, बाईला काही किंमतच नाही. मी सगळ्यांत मोठ्यानं बोलायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

तारेपलीकडच्या पहिल्याच घरात रूथ राहायची. तिचा नवरा जिनमध्ये कारकून, ती मिशनच्या शाळेत मास्तरीण. मुलं मोठी व्हायला लागली तेव्हा मी तिच्याकडं इंग्रजी शिकायला जाऊ लागले. वर्षा-दोन वर्षांत वाचता यायला लागलं, तशी ती मला गोष्टींची पुस्तकं देऊ लागली. इथल्याच माणसांनी लिहिलेल्या गोष्टी तेव्हा नुकत्या छापून येत होत्या. रूथला त्यांचा अभिमान होता आणि रागही होता. अभिमान का ते मला लगेच कळलं. राग कळायला वेळ लागला.

त्यातली एक गोष्ट सांगते. एक मोठा शेतकरी असतो, त्याला दोन बायका. गावावर रोगराई येते. जुन्या देवाचा पुजारी सांगतो की थोरलीच्या हातून नैवेद्य बाटला, तिला दूर ठेवा. पुढं गावात पाद्री येतो. शेतकरी नव्या देवाचा होतो. पाद्री म्हणतो, आमच्या देवाला एकच बायको चालते. मग तो पुन्हा थोरलीलाच काढतो, कारण तिला मुलगा नसतो. तिच्याबद्दल एवढंच लिहिलंय, की ती आपलं मडकं घेऊन बापाच्या गावी गेली. ती एक ओळ. नंतरची शंभर पानं शेतकऱ्याच्या मनाचे हाल. जुना देव खरा की नवा, यावर तो झुरत राहतो, आणि वाचणाऱ्याला त्याचीच दया येते.

मी पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा रूथला विचारलं, त्या थोरलीचं पुढं काय झालं, मला सापडलं नाही. रूथ शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "लेखकाला माहीत नाही. मला माहीत आहे. माझी आजी ती. आमच्या घरी कोपऱ्यात बसलेली असायची." मग म्हणाली, "आमच्या गोष्टींत दोन देव भांडतात. बाईला बाहेर काढताना मात्र त्यांचं एकमत होतं. ती गेली की पुरुषाला शहाणपण येतं, आणि त्याच्यावर पुस्तक लिहितात." आणि शेंगा सोलता सोलताच तिनं मला विचारलं, "तुमच्या घरी कोपऱ्यात कोण बसायचं?"

मी म्हणाले, कुणी नाही. आमच्यात असं नसतं. आमच्यात बाईलाच देवी मानतात. दर श्रावणात आम्ही कानबाईला घरात बसवतो.

बोलताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. रूथनं मान हलवली आणि कानबाईबद्दल कौतुकानं चौकशी केली. मी तिला चौरंग सांगितला, फुलोरा सांगितला, गाणी सांगितली, सोमवारी वाजतगाजत तापीवर नेतात ते सांगितलं. रोटांबद्दल बोलले नाही.

तुला रोट माहीत आहेत. मी गेल्यापासून तूच जात्यावर बसत असशील. पण या पत्रात मला सगळंच पहिल्यापासून मांडायचं आहे. आपल्या घरची रीत अशी, की कानबाईच्या रोटांचे गहू माणशी मोजून घ्यायचे. माणशी म्हणजे पुरुषाशी. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा मुठी. आबा ओसरीवर बसून एकेक नाव घेणार, माझी माय सुपात एक मूठ आणि वर पाव मूठ टाकणार. आबा, काका, तुझे वडील म्हणजे माझे दादा, मधला भाऊ, चुलत भाऊ. धुवायचं, वाळवायचं, दळायचं, रोट लाटायचे आणि तळायचे ते सगळं बायकांनी. देवी बाई, खपणाऱ्या बायका, आणि मोजायचे पुरुष. मला यात कधी काही खटकलं नाही. ऊन वरून पडतं तसं ते होतं.

त्या वर्षी मधल्या भावाला, रतनवहिनीला, पहिला मुलगा झालेला. नऊ महिन्यांचा. त्यालाही सव्वा मूठ होती. त्याला दिवसभर कडेवर घेऊन हिंडणारी तू सहा वर्षांची होतीस, तुझी बहीण लीला तीन. तुम्हाला मूठ नव्हती.

आणि त्या वर्षी नेमकी माय बाहेर बसली. मोजायचं काम थोरल्या सुनेकडं, तुझ्या आईकडं आलं. मथुरावहिनी. सातवीपर्यंत शिकलेली, घरात पेपर वाचणारी एकटी. मला वाचायची गोडी तिनंच लावली. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद ती सरळ करून ठेवायची आणि मला वाचायला द्यायची. मी चौदा वर्षांची, सूप धरून बसले होते. आबांनी नावं घेतली, वहिनीनं मुठी टाकल्या. शेवटचं नाव बाळाचं झालं आणि आबा बैल सोडायला उठून गेले. वहिनीनं परातीत पुन्हा हात घातला. एक मूठ घेतली, वर पाव मूठ घेतली, आणि हळूच म्हणाली, "शकुन." मग अजून एक. "लीला."

मी तिच्याकडं बघत राहिले. ती हसली. म्हणाली, "कानबाई बी बाईच शे ना? तिले पोरी चालाव नही का?"

तिनं मला कुणाला सांगू नको असंही म्हटलं नाही. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

रोट झाले, देवी गेली. तीन आठवड्यांनी, भादव्यात, गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. विहिरीत गढूळ पाणी उतरलं होतं. खालच्या वस्तीत माणसं दगावली, आणि आपल्या घरात रतनवहिनीचं बाळ गेलं. चौथ्या दिवशी माझ्या काकूच्या अंगात आलं. केस मोकळे, डोळे वर, आणि एकच बोल: "कोनी तरी मन्हा मापमा खोट करी शे." सगळे हात जोडून बसले. आधी सगळ्यांची नजर रतनवहिनीकडं गेली. ती विटाळशी असताना चुलीकडं गेली असेल, असं कुणीतरी म्हणालं. जिचं बाळ गेलं तिच्याकडंच. ती बिचारी रडायचीसुद्धा थांबली.

मग आबा माझ्याकडं वळले. "तू सूप धरीसन बठेल व्हती ना? सांग बेटा, काय देखं तू?"

शकुन, मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की रतनवहिनीला वाचवायला मी बोलले. तसं लिहिलं असतं तर तू मला माफही केलं असतंस. पण खरं ते खरं. आबांनी मला जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं. सगळं घर, काका, दादा, भाऊ, पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघत होतं. मला ते आवडलं. म्हणून मी सांगितलं. दोन्ही मुठी सांगितल्या, ती हसली ते सांगितलं, काय म्हणाली तेही सांगितलं.

वहिनीनं नाकारलं नाही. तिनं नुसतं माझं नाव घेतलं असतं, पोरगी खोटं बोलते म्हटलं असतं, तरी आबांनी तिचंच ऐकलं असतं. पोरीच्या बोलण्याला कोण विचारतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हाव, लिधी मी. मन्ह्या पोरीस्ना नावनी लिधी. त्या काय या घरन्या नही शेत?"

 तुझे वडील खाली मान घालून दोरी वळत होते.  मग म्हणाले, "तिले माहेरले धाडी द्या." दोरी वळायचं थांबवलं नाही त्यांनी. मी त्यांना क्रूर म्हणणार नाही. त्यांना दुसरं काही सुचलं नाही एवढंच, आणि न सुचल्याची शिक्षा दुसऱ्यानं भोगली.

तिला तुम्हा दोघींना घेऊन जायचं होतं. आबा म्हणाले, पोरी आमच्या कुळाच्या आहेत. हे वाक्य मी इथं आफ्रिकेत भांडी घासताना कितीदा मनात उगाळलं असेल. रोटाला कुळाच्या नव्हत्या, ठेवून घ्यायला कुळाच्या झाल्या.

गाडी निघायची त्या दुपारी मायनं मला सांगितलं, पोरींना नदीवर घेऊन जा. मी घेऊन गेले. तुला आठवत असेल, आपण शिंपले वेचले, तू ओटीभर वेचलेस. घरी आल्यावर तू ते आईला दाखवायला धावत आत गेलीस. पुढं पंचांनी काडीमोड करून दिली, वर्षाच्या आत नवी आई आली, तिला दोन मुलगे झाले, आणि कानबाई पावली म्हणून गावजेवण झालं. साथ, विहीर, गढूळ पाणी कुणाच्या बोलण्यात उरलं नाही. दोन मुठी गव्हाची हळूहळू करणी झाली, आणि आता तू लिहितेस की तिनं मूल खाल्लं म्हणतात. राईचा पर्वत म्हणतात तो असा होतो.

अजून एक सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन देशी आले होते. तुम्ही सगळे मला बघायला जमला होतात. माझी घड्याळं, माझ्या नायलॉनच्या साड्या. शिवरात्रीला माय म्हणाली, तोरणमाळला जाऊन येऊ. एस. टी. म्हसावदला, तुझ्या आईच्या माहेरच्या गावी, थांबली. स्टँडजवळ एका व्यापाऱ्याच्या अंगणात बायका मिरचीचे देठ खुडत होत्या. त्यांत तुझी आई होती. केस पांढरे झालेले, अजून पस्तिशीची नसेल. तिनं मान वर केली आणि मला ओळखलं. मला खात्री आहे, कारण ती उठली. लाल झालेले हात लुगड्याला पुसले आणि गाडीकडं दोन पावलं आली. माय माझ्या कानाशी म्हणाली, "तिकडे देखू नको." मी पदर पुढं ओढला आणि मुलाच्या बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

चौदाव्या वर्षी केलं त्याला निदान वय तरी होतं. हे मी पंचविसाव्या वर्षी, दोन मुलांची आई झाल्यावर, इंग्रजी पुस्तकं वाचून केलं.

तुझं पत्र आल्यावर मी रूथकडं गेले आणि तिला सगळं सांगितलं. कोपऱ्यात कोण होतं तेही, आणि तिला खोटं बोलले तेही. मला वाटलं ती माझा हात हातात घेईल. तिनं चहा ओतला आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तुमच्या गावची नाही." नंतर आम्ही मुलांच्या परीक्षांबद्दल बोललो. घरी येताना मला तिचा राग आला होता. घरी पोचेपर्यंत तो उरला नाही.

तुझे फुवा म्हणतात, जुना उकिरडा कशाला उकरतेस, पोरीचं लग्न मोडेल. मोडणार असेल तर मी ते नाकारत नाही. लोणखेड्याची माणसं कशी आहेत मला ठाऊक नाही. हे पत्र तू चुलीत टाकू शकतेस; दादांना दाखवू शकतेस; त्या मास्तरांना वाचायला देऊ शकतेस. तो तुझा अधिकार. पण तू विचारलंस म्हणून सांगते, तुझ्या आईनं कुणाचं मूल खाल्लं नाही. तिनं आपल्या मुलींना माणसांत मोजलं, आणि मी तिची चुगली केली.

इथल्या हिंदी बाया अजून घराबद्दल बोलतात. आंब्याचं झाड, मायच्या हातची भाकरी, तापीचं पाणी. मीही नऊ वर्षं तेच बोलले. आता मला असं कळतं, की मी ज्याला घर म्हणायची तिथं जागा मिळवायला मी एका बाईला बाहेर काढलं होतं, आणि जागा तरीही मिळाली नाही. लग्न झाल्याबरोबर मीही परक्या कुळाची झाले. आता रोट केले तर मलाही वाढत नाहीत. आबांचा तो बेटा एका दुपारपुरताच होता.

मी बोटीचं तिकीट काढलं आहे. चैत्राच्या शेवटी मुंबईला उतरेन. तुमच्याकडं येणार नाही. आधी म्हसावदला जाईन. तुझ्या आईला जे सांगायचं ते तिच्यासमोर सांगेन. ती दार लावून घेईल, शिव्या देईल, किंवा काहीच म्हणणार नाही. काहीही म्हणाली तरी मला ते ऐकून घ्यायचं आहे. आणि ती हो म्हणाली तर तिला घेऊन लग्नाच्या दिवशी आपल्या दारात येईन.

आबा आम्हाला आत घेणार नाहीत. दादा खाली बघतील. मी भांडून आत शिरणार नाही आणि तिलाही शिरू देणार नाही. तिला ढकलाढकलीत आत जायला लावायचं, हा आणखी एक अपमान मी करणार नाही. आम्ही दोघी मांडवाबाहेर, रस्त्यावर उभ्या राहू. हळद लागलेल्या अंगानं उठून, सगळ्यांच्या देखत, तिला आत ये म्हणणारं त्या घरात आता एकच माणूस आहे. ते तू आहेस. तू नाही उठलीस तर मी समजेन, कारण मीही एकदा गाडीतून उतरले नव्हते.

— तुझी फुई